गाडीचा रेडिएटर घरी बदलताना नवख्या मदतनीसाला कोणते काम द्यावे?

लोकमान्यनगरकर (इंदूर)

नमस्कार. माझ्याकडे २०१३ सालची, पेट्रोलवर चालणारी, साध्या गिअरची लहान गाडी आहे. काही आठवड्यांपासून तिच्या कूलंटची, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची, पातळी हळूहळू उतरते आहे. रात्रभर गाडी उभी राहिली तरी फरशीवर थेंब दिसत नाही. परंतु रेडिएटरच्या डाव्या अंगाला, जिथे काळी प्लॅस्टिकची टाकी ॲल्युमिनियमच्या जाळीवर दातेरी पट्टीने आवळलेली असते, तिथे टॉर्च मारून पाहिले असता पांढरट-हिरवे पुट चढलेले दिसते, आणि गाडी फिरवून आणल्यावर तीच जागा ओली लागते. पूर्वीच्या पितळी रेडिएटरप्रमाणे हा झाळून घेता येत नाही, हे मला ठाऊक आहे. डब्यात ओतून गळती बंद करण्याच्या औषधांवर माझा विश्वास नाही, कारण ती जिथे गळते तिथेच बसतील आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसणार नाहीत, याची हमी कोणीच देत नाही. म्हणून नवा रेडिएटर आणून ठेवला आहे.

इंजिन ऑइल, एअर फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड ही कामे मी आजवर घरीच करत आलो आहे. रेडिएटर मात्र कधी उतरवलेला नाही. मदतीला आहे तो माझा भाचा. बारावीची परीक्षा देऊन तो सुट्टीसाठी आमच्याकडे आला आहे. मुलगा हुशार आहे, उत्साही आहे आणि त्याचे हात नुसते शिवशिवत आहेत, पण दहाचा पाना कोणता आणि बाराचा कोणता हे त्याला पान्यावरचा आकडा वाचूनच कळते. त्याला काही शिकायला मिळावे अशी माझी मनापासून इच्छा आहे, आणि त्याला किंवा गाडीला इजा होऊ नये ही जबाबदारीही माझीच आहे.

म्हणून विचारतो की, अशा मदतनीसाकडे कोणती कामे निर्धास्तपणे सोपवावीत आणि कोणत्या कामांपासून त्याला दूर ठेवावे? कामाचा क्रम कसा असावा? आमचा पोर्च फाटकाकडे किंचित उतरता आहे. कूलंट भरताना त्याची अडचण होईल का? आणि शेवटचा प्रश्न पाण्याचा आहे. आमच्याकडे नळाला नर्मदेचे पाणी येते, शिवाय बोअर आहे आणि स्वयंपाकघरात शुद्धीकरणाचे यंत्रही आहे. यांपैकी कोणते पाणी चालेल? महिनाअखेरीस सेंधव्यावरून धुळ्याला जाण्याचा बेत आहे, म्हणून त्याआधी हे काम उरकायचे आहे.

निवृत्त फोरमन (राजेंद्रनगर, इंदूर)

तुमच्या वर्णनावरून दोष रेडिएटरचाच दिसतो. तरीही जुना उतरवण्याआधी दोन ठिकाणी नजर टाकावी, नाहीतर खर्चही होईल आणि दुखणेही राहील. वॉटर पंपाच्या अंगाला खालच्या बाजूस एक बारीक छिद्र असते, तिथे असेच पुट आहे का ते पाहावे. तसेच ऑइल भरायच्या झाकणाच्या आतून दुधाळ साय धरलेली नाही आणि गार इंजिन सुरू केल्यावर रेडिएटरच्या तोंडातून सतत बुडबुडे येत नाहीत, याची खात्री करावी. ही लक्षणे दिसली तर प्रकरण हेड गॅस्केटपर्यंत (इंजिनाचे वरचे हेड आणि खालचा ठोकळा यांमधल्या सीलपर्यंत) गेले असण्याची शंका घ्यावी आणि मग ते वर्कशॉपमध्येच न्यावे.

आता भाच्याविषयी. या कामात पाने फिरवण्यासारखे अवघड फारसे काही नाही. बहुतेक बोल्ट दहाच्या पान्याचे, हाताशी येणारे असतात. घोटाळे होतात ते दोन माणसांचे चार हात एकाच वेळी एकाच जागी गेल्यामुळे, किंवा एकाने ‘सोडू का?’ म्हणून विचारले आणि दुसऱ्याने दुसऱ्याच कशाला तरी ‘हो’ म्हटले यामुळे. म्हणून आरंभीच ठरवून टाकावे की सांगणारा तुम्ही एकटेच असाल, आणि भाचा प्रत्येक सूचना आपल्या शब्दांत परत बोलून दाखवेल व मगच हात पुढे करेल. ‘हं’ हे उत्तर धरायचे नाही. दुसरे असे की, गाडीची किल्ली ज्याचे हात इंजिनाजवळ आहेत त्याच्या खिशात राहील. ती गाडीला लावून ठेवायची नाही, बोनेटवर नाही आणि ‘जरा धर’ म्हणून कोणाच्या हातातही द्यायची नाही. नवख्या माणसाला आपण होऊन मदत करण्याची घाई असते आणि नेमक्या नको त्या क्षणी तो स्टार्टर मारून मोकळा होतो.

त्याला देण्याजोगी कामे मुबलक आहेत आणि ती बिनमहत्त्वाची मुळीच नाहीत. काहीही सोडण्यापूर्वी त्याने मोबाइलवर फोटो काढावेत: वरून, दोन्ही बाजूंनी, प्रत्येक क्लिपचे कान कोणत्या दिशेला आहेत ते, पंख्याची वायर कुठून वळवून नेली आहे ते. मग एका मोठ्या पुठ्ठ्यावर गाडीच्या पुढच्या भागाची ढोबळ आकृती काढावी आणि जो बोल्ट निघेल तो आकृतीत त्याच जागी भोक पाडून खोचून ठेवावा. लांब बोल्ट आखूड बोल्टाच्या जागी गेला तर पुढे काहीतरी टोचून बसतो. पुठ्ठ्यावर खोचले की ती शक्यता उरत नाही आणि मुलालाही प्रत्येक बोल्ट कशाला धरून असतो हे आपोआप कळते. उजेड धरणे, चिंध्या हाताशी ठेवणे, नवा रेडिएटर खोक्यातून काढून जुन्याशी ताडून पाहणे हीसुद्धा त्याचीच कामे समजावीत.

ताडून पाहण्याचे काम मात्र कूलंट सोडण्याआधीच करा. नळ्यांच्या तोंडांचा व्यास, खालचे दोन खुंट, पंखा बसण्याची भोके, ड्रेनच्या बुचाची जागा आणि जाळीची जाडी हे सगळे जुना जागेवर असतानाही बऱ्यापैकी दिसते. वस्तू चुकीची निघाली तर अशा वेळी ती परत करण्यासाठी निदान गाडीतून तरी जाता येते. नव्या रेडिएटरच्या तोंडांवरची प्लॅस्टिकची टोपणे शेवटच्या घटकेपर्यंत काढू नयेत.

सुरुवात सकाळी, रात्रभर गार झालेल्या गाडीवर करावी. गरम गाडीचे झाकण उघडायचे नाही, हे भाच्याला नुसते सांगू नका, कारणही सांगा. झाकणामुळे आत साधारण एक बार जादा दाब राहतो, त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही, आणि झाकण सैल होताच ते एकदम वाफ होऊन उसळते. कारण समजले की मुले नियम पाळतात. यानंतर बॅटरीचे निगेटिव्ह टोक काढून बाजूला बांधून ठेवावे, कारण विजेचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही फिरू लागतो.

ड्रेनचे बूच प्लॅस्टिकचे असते. ते हाताने, फार तर पक्कड अलगद लावून, तुम्हीच फिरवावे. खाली पसरट घमेले ठेवावे; वरचे झाकण उघडेपर्यंत धार बारीक राहते आणि उघडल्याबरोबर ती पुढे फेकली जाते, तेव्हा घमेले थोडे पुढे सरकवण्याचे काम भाच्याकडे द्यावे. त्यासाठी गाडीखाली शिरण्याची वेळ आलीच, तर नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचे नाही. जॅक स्टँड लावून आणि मागच्या चाकांना लाकडाच्या पाचरी देऊनच, आणि तेही तुम्ही. भाच्याने नाही.

नळ्या काढणे हा या कामातला सर्वांत नाजूक भाग आहे. इतक्या वर्षांनी रबर प्लॅस्टिकच्या तोंडाला चिकटून बसलेले असते. क्लिप पक्कडीने दाबून मागे सरकवल्यावर नळी सरळ ओढू नये. आधी तिला मुठीत धरून डावी-उजवीकडे पिळावे. चिकटलेले रबर सुटताना एक बारीक ‘चर्र’ असा आवाज येतो आणि मग नळी तोंडावर गोल फिरू लागते. ती फिरली की ओढावी. जुन्या रेडिएटरचे तोंड तुटले तर फारसे बिघडत नाही, पण नळीचे दुसरे टोक ज्या थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणाऱ्या झडपेच्या) घरावर बसते तेही अनेक गाड्यांत प्लॅस्टिकचेच असते, याची जाणीव ठेवावी. नळ्या दाबल्यावर कडक लागत असतील किंवा टोकाशी भेगा दिसत असतील तर त्याही नव्या घालाव्यात. चिकटलेली जुनी नळी तोंडाजवळ लांबीच्या दिशेने कापून काढता येते. नव्या नळीला बसवताना ग्रीस किंवा तेल लावू नये, त्याने हे रबर फुगते. थोडे कूलंट चोळले की पुरते.

रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. त्याच्या नळ्या सोडायच्या नाहीत. आत गॅस दाबाखाली भरलेला असतो. काही गाड्यांत कंडेन्सर रेडिएटरलाच धरून असतो, म्हणून रेडिएटर मोकळा होताना तो लोंबकळू नये यासाठी वरच्या आडव्या पट्टीला दोरीने बांधून घ्यावा. इथे भाच्याची खरी मदत लागते. तुम्ही रेडिएटर सरळ वर उचलत असताना त्याने कंडेन्सर पुढच्या बाजूला धरून ठेवायचा आणि दोघांच्या मध्ये पुठ्ठ्याचा एक तावही सरकवायचा, म्हणजे जाळीचे पापुद्रे दबणार नाहीत. बाहेर आलेल्या रेडिएटरचे खालचे दोन खुंट लगेच पाहावेत. त्यांवरचे रबरी बुश बहुधा जुन्या खुंटालाच चिकटून वर येतात. ते काढून खालच्या भोकांत परत बसवले नाहीत तर नवा रेडिएटर पत्र्यावर टेकतो, हादरे खातो आणि थोड्या काळात पुन्हा गळू लागतो.

बसवताना सर्व बोल्ट आधी बोटांनीच लावावेत आणि सगळे जागेवर आल्यानंतर आवळावेत. पहिले चार आटे बोटांनी फिरले नाहीत तर बोल्ट तिरका लागला आहे असे समजावे. हे काम भाच्याला अवश्य द्या. बोटांना आटे ओळखता येणे हीच या कामाची बाराखडी आहे. शेवटचा ताण मात्र तुम्ही द्यावा. दहाच्या डोक्याच्या या बोल्टांना दहा न्यूटन-मीटरच्या आसपास ताण पुरतो. मुलाच्या मनगटात त्याहून पुष्कळ अधिक जोर असतो.

प्रयोगवहीवाली (सुदामानगर, इंदूर)

फोरमनकाकांनी यंत्राची बाजू सांगितलीच आहे. मी रसायनशास्त्र शिकवते, म्हणून पाण्यापुरते लिहिते.

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही पाण्यांपैकी एकही वापरू नका. बोअरचे पाणी आपल्याकडच्या काळ्या खडकातून कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार घेऊन वर येते. पाणी तापले की हे क्षार नळ्यांच्या आतल्या बाजूला थर धरतात आणि उष्णता बाहेर जायला अडते. बादली तापवण्याच्या रॉडवर जो पांढरा थर तुम्ही खरवडून काढता, तोच हा. नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे सत्तर किलोमीटर उचलून आणलेले नर्मदेचे पाणी त्या मानाने बरे असले, तरी त्यात क्षार असतातच, शिवाय ते निर्जंतुक करण्यासाठी क्लोरीन वापरलेले असते आणि क्लोराइड ॲल्युमिनियमला खड्डे पाडते. घरगुती शुद्धीकरण यंत्र क्षार कमी करते, पण किती उरले हे यंत्रागणिक बदलते, आणि अनेक यंत्रे तर चवीसाठी खनिजे परत मिसळतात. बॅटरीसाठी मिळते ते डिस्टिल्ड किंवा डिमिनरलाइज्ड पाणी घ्यावे. ते महाग नसते आणि पेट्रोल पंपावरही मिळते.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे तयार मिसळलेले कूलंट घेणे. फक्त त्या डब्यावर ‘पाणी मिसळू नये’ असे लिहिलेले आहे का ते पाहून घ्या. घट्ट कूलंट घेतले तर सामान्यतः अर्धे कूलंट आणि अर्धे पाणी. ‘अधिक घातले तर अधिक चांगले’ असा हिशेब इथे चालत नाही, कारण उष्णता वाहून नेण्यात कूलंटमधला मुख्य घटक, ग्लायकॉल, पाण्याच्या मागे आहे. आपल्याकडे पाणी गोठण्याची भीती नाही, मग कूलंट कशाला, असे अनेक जण म्हणतात. गोठण्याचा प्रश्न खरोखरच नाही. पण इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच आहे आणि इथे उघड्या भांड्यात पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळते. ग्लायकॉलचे अर्धे मिश्रण मात्र त्याहून सात-आठ अंश वर जाते, आणि बंद झाकणाच्या दाबाने ही मर्यादा आणखी बरीच वाढते. शिवाय इंजिनात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात भिजत असतात. नुसत्या पाण्यात त्यांची झीज होते. ती थोपवणारी द्रव्ये कूलंटमध्ये असतात. ती काळाने संपतात, म्हणून कूलंट ठरावीक मुदतीने बदलायचे असते. रंगावर जाऊ नका. हिरवे, गुलाबी, निळे हे उत्पादकाने घातलेले रंग असतात. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला आहे तोच घ्यावा आणि दोन प्रकार एकत्र करू नयेत.

आता सर्वांत गंभीर मुद्दा. एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड आहे. शरीरात गेल्यावर त्यापासून ऑक्झॅलिक आम्ल तयार होते आणि त्याचे स्फटिक मूत्रपिंडात अडकतात. घमेल्यात साठलेले कूलंट उघडे ठेवून दोघेही चहाला आत गेलात आणि मांजराने त्याला तोंड लावले, तर त्या बिचाऱ्याचे वाचणे कठीण आहे. लहान मुलांबाबतही तेच. त्यामुळे निघालेले कूलंट लगेच झाकणाच्या डब्यात भरावे, डब्यावर मोठ्या अक्षरांत ‘विष’ लिहावे आणि पाण्याची जुनी बाटली त्यासाठी मुळीच वापरू नये. तुमच्या भाच्याला आणखी एक सांगून ठेवा: अडकलेले कूलंट नळीने तोंडाने ओढायचे नाही. पेट्रोल तसे काढताना त्याने कोणाला तरी पाहिले असेलच. कोणाच्या पोटात गेलेच, तर त्रास सुरू होण्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

जुने कूलंट गटारात किंवा झाडांच्या आळ्यात ओतू नये. आपल्या कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा वेगळा कप्पा असतो, परंतु चार लिटर पातळ पदार्थाचा डबा त्यात देण्याआधी गाडीवरच्या माणसांना विचारावे. नाहीतर वापरलेले ऑइल जिथे जमा होते अशा वर्कशॉपला विनंती करावी.

लष्करचा वाटसरू (ग्वाल्हेर)

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते मांडल्याबद्दल राग मानू नये. ऑइल बदलताना काही चुकले तर ते बहुधा पोर्चमध्येच दिसते; कूलंटच्या कामात राहिलेली कसर मात्र गाडी तापल्यावर, म्हणजे घरापासून लांब गेल्यावर कळते. तुम्ही धुळ्याला निघणार आहात. जाताना मानपूरपासून पुढे घाटाने निमाडात उतरायचे असते, सेंधव्यानंतर बिजासनचा घाटही उतरायचाच आहे, त्यामुळे गाडी काही तक्रार करणार नाही. परीक्षा परतताना आहे. निमाडातले ऊन, भरलेली गाडी, चालू एसी आणि तेच दोन्ही घाट आता चढायचे. तिथे इंजिन तापून ॲल्युमिनियमचे हेड वाकले तर रेडिएटरच्या मजुरीत वाचवलेले पैसे कितीतरी पटींनी जातील. वर्कशॉपमध्ये बसवल्यानंतर पंपाने दाब देऊन गळती तपासता येते, घरी ते साधन नसते. भाच्याला शिकवायचेच असेल तर त्याच्याकडून चाके उतरवून घ्यावीत, फिल्टर बदलून घ्यावेत. नवख्या मुलाला फिरत्या पंख्याजवळ उभे करण्याइतकी घाई कशाची आहे, हे मला कळले नाही.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

सर्वांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे तयार मिसळलेले कूलंट आणले आहे आणि शेजारच्या मांजरांची वर्दळ लक्षात घेऊन झाकणाचा डबाही आधीच आणून ठेवला आहे. ग्वाल्हेरच्या मित्रांचे म्हणणे मला पटते. त्यांनी राग यावा असे काही लिहिलेले नाही. दाब देऊन तपासणे घरी शक्य नाही हे खरेच आहे.

फोरमनकाका, दोन गोष्टी राहिल्या. आत अडकलेली हवा काढताना इंजिन चालू ठेवावे लागते, असे वाचले आहे. त्या वेळी भाच्याने कुठे असावे? आणि झाकण जुनेच वापरले तर चालेल का?

निवृत्त फोरमन (राजेंद्रनगर, इंदूर)

झाकण नवे घ्या. त्यातले रबर आणि स्प्रिंग दोन्ही रेडिएटरइतकीच जुनी आहेत. जुन्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा उमटवलेला असतो, तोच आकडा नव्यावर असावा. अधिक आकड्याचे झाकण म्हणजे अधिक चांगले, असे सांगणारा दुकानदार भेटला तर दुकान बदलावे.

पोर्चचा उतार फाटकाकडे आहे, तर गाडी नाकाने आत घालून उभी करा, म्हणजे पुढची बाजू आपोआप उंच राहील. तुमच्या गाडीत कूलंट रेडिएटरच्याच तोंडातून भरत असतील तर ते तोंड सर्वांत वर येते आणि हवेला तिथून निघायला वाट मिळते. हँडब्रेक ओढून मागच्या चाकांमागे पाचरी द्या. कूलंट सावकाश, बारीक धारेने भरा आणि मधून मधून वरची नळी हाताने दाबून सोडा. दर वेळी दोन-चार बुडबुडे वर येतील. इंजिनावर हवा काढण्याचा स्वतंत्र स्क्रू असेल तर पुस्तिकेत त्याची जागा दिलेली असते. पातळी उतरायची थांबली की बॅटरी जोडा.

इथून पुढे भाच्याची जागा गाडीत, चालकाच्या आसनावर असावी, असे माझे मत आहे. तो पंख्यापासून दूर राहतो आणि त्याच्याकडे खरोखर महत्त्वाचे काम येते. इंजिन तुम्ही स्वतः, गिअर न्यूट्रलमध्ये असल्याची खात्री करून, सुरू करून द्या. किल्ली खिशात ठेवण्याचा नियम या एका टप्प्याला लागू पडत नाही, म्हणून इंजिनाजवळ तुम्ही एकटेच असाल. हीटर पूर्ण गरमवर ठेवायला सांगा. तापमानाच्या काट्यावर त्याने नजर ठेवायची आणि काटा नेहमीच्या जागेच्या वर सरकताच, तुम्हाला न विचारता, किल्ली फिरवून इंजिन बंद करायचे. एवढा एक निर्णय त्याचा त्यानेच घ्यायचा, हे आधी सांगून ठेवा. काट्याऐवजी नुसता दिवा असेल तर लाल दिवा लागणे हीच खूण. हीटरमधून येणारी हवा कोमट, मग गरम झाली की त्याने आवाज द्यायचा. इंजिन तापूनही हीटरची हवा गारच राहिली तर आत कुठेतरी हवा अडकलेली आहे.

तुम्ही सैल बाह्यांचा सदरा घालू नका आणि गळ्यात काही लोंबते ठेवू नका. साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान थर्मोस्टॅट उघडतो. त्या क्षणी तोंडातली पातळी एकदम खाली जाते किंवा उसळून वर येते, म्हणून तोंडावर वाकून पाहू नये. पातळी स्थिर झाली की झाकण लावावे आणि पंखा निदान दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत इंजिन चालू ठेवावे. नंतर सर्व सांध्यांवरून कोरडा पांढरा कागद फिरवावा. ओल डोळ्यांना दिसण्याआधी कागदावर दिसते. राखीव डब्यातली पातळी दुसऱ्या दिवशी, गाडी पूर्ण गार असताना पाहावी.

ग्वाल्हेरच्या मित्रांनी दाबाच्या तपासणीचा मुद्दा योग्य काढला आहे. घरी बसवा, थोडे दिवस गावातल्या गावात चालवा आणि धुळ्याला निघण्यापूर्वी एखाद्या वर्कशॉपमध्ये फक्त दाब देऊन तपासून घ्या. तेवढ्या कामाला कोणी नाही म्हणणार नाही.

लोकमान्यनगरकर (इंदूर)

काम झाले. गाडी चालू आहे आणि काटा नेहमीच्याच जागी राहतो.

सर्वाधिक वेळ खालच्या नळीने खाल्ला. क्लिपचे कान खाली, पत्र्याकडे वळलेले होते आणि पक्कड तिथे जाईना. शेवटी भाच्याने काढलेल्या फोटोवरून कळले की पुढच्या जाळीतून लांब तोंडाची पक्कड घातली तर ती सरळ कानांवर जाते. रबरी बुशपैकी एक खालच्या भोकात होते आणि एक जुन्या रेडिएटरच्या खुंटावर चिखलाने माखलेले असे बसले होते की तो खुंटाचाच भाग वाटावा. ते भाच्यानेच नखाने खरवडून ओळखले. सूचना परत बोलून दाखवण्याचा त्याला आरंभी संकोच वाटत होता, पण नंतर तो मलाच ‘मामा, तुम्ही नुसते हं म्हणालात’ असे अडवू लागला. हवा काढताना तो गाडीत बसून दर थोड्या वेळाने काट्याची जागा मोठ्याने सांगत होता, त्यामुळे मला इंजिनावरची नजर हलवावी लागली नाही.

एक शंका आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी राखीव डब्यातली पातळी बोटभर उतरलेली होती. खाली, सांध्यांवर, कागदावर कुठेही ओल नाही. पातळी परत भरून ठेवली आहे. हे नैसर्गिक समजावे का?

निवृत्त फोरमन (राजेंद्रनगर, इंदूर)

समजावे. इंजिन गार होताना आतले द्रव आकसते आणि उरलेल्या हवेच्या जागी राखीव डब्यातले कूलंट ओढले जाते. नवे झाकण आपले काम करते आहे, असा त्याचा अर्थ. पहिल्या काही फेऱ्यांत असे एक-दोनदा होते. डब्यावर पेनाने आजची रेघ मारून ठेवा आणि रोज सकाळी, गार असतानाच, ताडून पाहा. त्यानंतरही पातळी उतरतच राहिली तर पुन्हा नुसती भरत बसू नका, दाबाची तपासणी लगेच करून घ्या आणि त्या वेळी पुढच्या आसनाखालची गालिचाची कडही हाताने चाचपून पाहा. हीटरची गळती बाहेर न दिसता तिथे मुरते.